ओळंब्याचे डॉक्टर

भोरच्या पेठेत त्या काळी सकाळी एक गंमत बघायला मिळे. शिंपी, सोनार, किराणा दुकानातले दिवाणजी अशी बैठी कामं करणारी मंडळी एकामागून एक पाठ ताठ करून बसू लागत. आधी वरच्या अंगाची दुकानं, मग खालच्या अंगाची. त्यावरून डॉक्टर कुठवर आले ते लांबूनही कळायचं. डॉक्टर पुढं गेले की पाठी पुन्हा होत्या तशा. कुणी पोक काढून बसलेला दिसला, की डॉक्टर त्याच्या दुकानाच्या पायरीवर छत्रीची मूठ वाजवून म्हणत, "खांदे मागं. म्हातारपण येणारच आहे, त्याला आतापासून बोलावणं कशाला पाठवता?" गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणत. शिंपी तर त्यांना बघून मशीनच बंद करी. "जाऊ द्या त्यांना, मंग शिवतो," म्हणायचा.

बरं, हे डॉक्टर कसले? दातांचे. पाठीशी त्यांचा काही संबंध नव्हता, असं आम्हाला पहिली काही वर्षं वाटे.

मी त्यांच्याकडं दातांचं काम शिकायला होतो. संस्थानी काळ. दातांच्या कॉलेजात जाणं आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही येत नव्हतं. मॅट्रिक झालेली दोन पोरं त्यांनी शिकायला ठेवून घेतली होती, एक मी आणि दुसरा शिवऱ्याचा. पोरं म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं, नाही तर दोघांनाही चांगल्या मिशा होत्या. त्यांच्या माडीवर पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या खोलीत आमची शाळा होती.

त्या मागच्या खोलीत आढ्याला ओळंबा टांगलेला होता. गवंडी भिंत सरळ आली का ते पाहायला जो वापरतात तोच, दोरीच्या टोकाला लोखंडी गोळा असलेला. भाटघरच्या धरणावर काम केलेल्या एका गवंड्याची दाढ डॉक्टरांनी काढली होती, त्यानं तो खूश होऊन दिला होता. रोज सकाळी आम्ही त्याच्याशेजारी आडव्या अंगानं उभं राहायचं. कान, खांदा, कंबर, घोटा, सगळं दोरीच्या रेषेत यायला हवं. मग हातात आरसा आणि चिमटा घेऊन समोरच्या मातीच्या जबड्यावर काम करायचं, पण रेषा सुटता कामा नये. डॉक्टर स्टुलावर बसून बघत असत.

"कान कुठं गेला?" ते विचारत.

"हितंच आहे, डॉक्टर."

"तुझ्या डोक्याला आहे तो ठाऊक आहे मला. दोरीला कुठं आहे?"

कान नेहमी दोरीच्या पुढं गेलेला असायचा. माझा तर फारच. मी वेल्ह्याकडचा, आणि उंच. आमच्याकडच्या घरांची दारं अशी, की आत जाणाऱ्यानं उंबऱ्यालाच नमस्कार करावा. लहानपणापासून प्रत्येक दारात वाकून वाकून माझी मान पुढंच वाढली होती. शिवऱ्याचा गडी बुटका, त्याला ओळंबा चटकन जमला. वर्षाच्या आत त्याला पेशंटच्या तोंडात हात घालायची परवानगी मिळाली. मी मात्र मातीच्या जबड्यापाशीच. माझा हात त्याच्यापेक्षा चांगला होता, हे डॉक्टर स्वतः म्हणत. पण पेशंटला हात लावू देत नसत.

"हात आहे तुझ्याकडं," ते म्हणत. "पण तू दात शोधायला डोक्यानं जातोस. डोकं जागेवर ठेव, आरसा पाठव."

आरसा पाठवणं हा त्यांचा दुसरा नाद. वरची मागची दाढ बघायची तर एकतर पेशंटच्या तोंडात डोकावायचं, नाही तर तोंडात छोटा आरसा धरून त्यात बघायचं. डोकावण्याला त्यांची सक्त मनाई. पण आरशात सगळं उलटं. हात मागं न्यायचा तर तो पुढं जातो. ते अंगवळणी पडावं म्हणून ते आमच्यासमोर बशीत तीळ ओतत, मध्ये पुठ्ठा उभा करत, आणि आरशात बघून चिमट्यानं एकेक तीळ दुसऱ्या बशीत टाकायला लावत. आज उजव्या हातानं, उद्या डाव्या. पुढं पुढं संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला तरी माझं डोकं ठणकायला लागे.

डावा हात त्यांच्या लेखी घरातला धाकटा भाऊ होता. त्याला काम द्या, नाही तर तो उंडारतो, असं म्हणायचे. म्हणून डाव्या हातानं बटणं लावायची, डाव्या हातानं वात वळायची, डाव्या हातानं सुईत दोरा ओवायचा. फक्त जेवणाला सूट होती. पण हात काय, त्याला कुठं कळतंय! शिवऱ्याच्या जोडीदाराच्या बहिणीचं लग्न निघालं आणि आम्ही दोघं पंगतीत वाढायला उभे राहिलो. जोडीदारानं मिठाचं भांडं घेतलं आणि मोठ्या ऐटीत, एक कण इकडंतिकडं न सांडता, अख्ख्या पंगतीला डाव्या हातानं मीठ वाढत गेला. अर्ध्या पंगतीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकं ते सफाईदार होतं. मग वराकडचा एक म्हातारा पानावरून उठला. "डाव्या हातानं वाढतोयस व्हय रं? आमी काय तेराव्याला आलोय?" मोठा गहजब झाला. सगळी पानं बदलावी लागली. परत आल्यावर आम्ही हे डॉक्टरांना सांगितलं, तर ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मीठ सांडलं का?"

"नाही."

"मग ठीक आहे."

अशा माणसाचा राग येतो आणि येतही नाही. गावात त्यांना कुणी शहाणा म्हणे, कुणी चक्रम. संस्थानच्या कचेरीतला एक कारकून त्यांच्याकडं दात दाखवायला आला होता. लिहून लिहून त्याची पाठ धनुकलीसारखी झालेली. डॉक्टरांनी दात बघितला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कचेरीत जाऊन त्याच्या लिहायच्या डेस्काखाली चार विटा घातल्या. कारकून सरळ बसू लागला, खूशही झाला. पण विटांमुळं त्याचं डेस्क त्याच्या वरिष्ठांच्या डेस्कापेक्षा उंच झालं. साहेबांनी दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विटा परसात गेल्या. डॉक्टर भांडायला निघाले होते, काकूंनी छत्री लपवून ठेवली म्हणून राहिले.

काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. पाठीचं हे वेड कुठून आलं ते मला त्यांच्याकडूनच कळलं.

डॉक्टरांची मान उजवीकडं कललेली असायची. स्वतःच्या खांद्याशी काही बोलताहेत असं वाटावं, इतकी. आम्ही त्याची चेष्टाही करत असू, अर्थात जिन्याखाली उतरल्यावर. ओळंबा शिकवणारा स्वतः वाकडा, असं. एकदा दुपारी काकू त्यांच्यासाठी तेल कोमट करत होत्या आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. काकूंनी मला तिथंच बसवलं. "तुम्ही हसता ते मला ऐकू येतं हो," म्हणाल्या. मी मान खाली घातली.

मग त्यांनी सांगितलं. मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर कित्येक वर्षं उभे होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लोकांच्या तोंडांत डोकावत, मान एकाच बाजूला घालून. कुणी त्यांना कसं उभं राहायचं ते शिकवलं नव्हतं. एक दिवस सकाळी चहाची कपबशी उचलली आणि ती हातातून पडली. उजव्या हाताला कळलंच नाही की आपण काही धरलं आहे. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मानेतली शीर दबली आहे. अजून वाकत राहिलात तर हा हात कायमचा जाईल. सरळ राहिलात तर राहील. तेव्हा त्यांनी मुंबई सोडली आणि भोरला, आपल्या आजोळी, येऊन राहिले.

"त्यांचं सगळं त्या एका हातावर आहे रे," काकू म्हणाल्या. "म्हणून ते वाकत नाहीत. जमिनीवर पडलेला रुमालसुद्धा उचलत नाहीत, मी उचलते."

त्या दिवसानंतर मी हसलो नाही. या माणसाला आपलं गेलेलं परत मिळणार नाही, म्हणून ते आमचं जाऊ देत नाहीत, हे मला कळलं होतं. कळून कान काही दोरीवर येत नव्हता, ती गोष्ट वेगळी.

भाताची मळणी उरकली, की डॉक्टर वेल्ह्याच्या बाजूला फिरतीवर निघायचे. सर्व्हिस मोटारीनं नसरापूर, तिथून पुढं बैलगाडी. गाडीत त्यांची घडीची खुर्ची असे. भाटघरच्याच एका सुतारानं ती केली होती, खुंट्या काढून घालून उंच करता येणारी, मागं डोकं टेकायला फळी. "पेशंटला वर आणायचं, आपण खाली जायचं नाही," हे त्या खुर्चीचं तत्त्वज्ञान. खेड्यात दात काढणारे लोक पेशंटचं डोकं गुडघ्यांत धरत आणि त्याच्यावर ओणवे होत. डॉक्टरांना ते बघवत नसे. त्यांना पेशंटपेक्षा त्या काढणाऱ्याच्या कमरेची दया येई.

त्या वर्षी शिवऱ्याचा जोडीदार तापानं घरी पडला होता, म्हणून मी एकटाच त्यांच्याबरोबर होतो. विंझरला चावडीसमोर चिंचेखाली आम्ही खुर्ची मांडली. दुपारपर्यंत चार-सहा माणसं येऊन गेली. मी आरसे धुवत होतो, एवढ्यात एक शेतकरी धापा टाकत आला.

"डाक्टरसाब, घरला यावं लागंल. सून लई आजारी हाय. दाडंचं दुखनं हुतं, आता पानी बी गिळंना."

खुर्ची गाडीत घालून आम्ही त्याच्या घरी गेलो. गुडघ्याएवढं जोतं, पुढं सारवलेलं अंगण. जोत्यावर घोंगडी टाकून घरातला थोरला चुलता बसला होता, आम्हाला घेऊन आलेला सासराही तिथंच जाऊन टेकला. सून भिंतीशी पदर ओढून बसली होती. वीसही वर्षांची नसेल. तिच्या सासूनं पदर जरा बाजूला केला. उजव्या बाजूची सूज गालावरून हनुवटीखाली उतरून गळ्यापर्यंत आली होती. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

डॉक्टरांनी मला अंगणाच्या कडेला नेलं. "सूज अजून खाली गेली तर श्वास कोंडेल," ते हळू म्हणाले. "पुण्याला पोचणार नाही ही. खालची उजवी दाढ आत्ता निघायला पाहिजे, म्हणजे पू वाट काढील. खुर्ची लाव."

मी उन्हात खुर्ची लावली. सून उठली, दोन पावलं आली आणि खुर्ची बघून थांबली.

"म्या न्हाई बसायची," ती पदराआडून म्हणाली. शब्द नीट फुटत नव्हते. "मामंजी खाली बसल्यात."

"बस गं," सासरा दुसरीकडं बघत म्हणाला. "डाक्टरच सांगत्यात न्हवं."

ती हलली नाही. सासरा शहाणा माणूस, तो उठला आणि थोरल्या भावाला घेऊन घरामागं गेला. तरी ती उभीच.

"अगं, आता गेले ना ते?" डॉक्टर म्हणाले.

"मागं गेलं म्हनून काय झालं? म्या खुर्चीवं हाय ह्ये त्यास्नी ठावं हायच की."

सासूच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. "आमच्यात कुनी बाय खुर्चीवं बसली न्हाई, डाक्टर. ही तर आत्ताच लगीन हून आलीया. म्या सांगून बी न्हाई ऐकायची." आणि सून पुन्हा भिंतीशी जाऊन खाली बसली.

डॉक्टर अंगणात फेऱ्या मारू लागले. जमिनीवर बसलेल्या त्या मुलीकडं ते नजरेनं माप घेतल्यासारखं बघत होते. तिथं तिच्या तोंडापर्यंत पोचायचं तर गुडघे टेकायचे, कमरेत वाकायचं आणि मान पूर्ण खाली घालायची. मला काकूंचं बोलणं आठवलं आणि मी पुढं झालो.

"डॉक्टर, तुम्ही नाही."

"मला शिकवू नकोस," ते ओरडले. मग एकदम सासूकडं वळले. "सकाळपासून ही कुठं होती?"

"हितंच की. जोत्यावं ऊन खात निजली हुती."

"सासऱ्यांसमोर?"

"आजारी मानसाला कोन काय म्हनतंय, डाक्टर? निजलं तर निजलं."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मग निजवा तिला. जोत्याच्या कडेवर, डोकं अंगणाकडं. खांद्याखाली घोंगडी घाला, चांगली उंच." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तू खाली बस. तिच्या डोक्यामागं. मांडी घाल."

"मी?"

"मला खाली बसता येत नाही. बसलोच तर मान घालता येणार नाही. बस म्हटलं ना!"

मी अंगणात पोतं टाकून मांडी घालून बसलो. तिचं डोकं माझ्या छातीसमोर आलं. मागून ऊन तिच्या तोंडात पडत होतं. आयुष्यातलं माझं पहिलं खरं तोंड, आणि तेही उलटं. वरचे दात खाली, खालचे वर. मग मी आरसा आत सरकवला आणि बोटांना सगळं ओळखीचं वाटायला लागलं. त्या तिळांना मी किती शिव्या दिल्या होत्या!

डॉक्टरांनी सुई भरून माझ्या हातात दिली. एवढ्या सुजेत ते बधिर करायचं औषध अर्धंमुर्धंच लागतं. सासूनं सुनेचे दोन्ही हात धरले. मी दाढ उपटायचा मोठा चिमटा लावला, आणि घाबरल्यामुळं माझी मान आपोआप पुढं जायला लागली. तेवढ्यात माझ्या कमरेच्या वर, पाठीच्या खळग्यात, एक तळहात येऊन टेकला. त्यानं जरा दाबलं. पाठ सरळ झाली, खांदे सैल पडले, आणि हात माझा मला परत मिळाला.

"घाई नको," डॉक्टर म्हणाले. "दाढ कुठं पळून जात नाही. जरा बाहेर. आता आत. परत बाहेर."

मुलगी कण्हत होती. मला रडू येत होतं. जरा म्हणून मी पुढं झुकलो की तो तळहात दाबायचा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दाढ हलली, पुन्हा घट्ट बसली, पुन्हा हलली, आणि मग मुळांसकट हातात आली. तिच्यामागून पू आणि रक्त आलं. मी तिचं डोकं कुशीवर वळवलं आणि येईल तेवढं येऊ दिलं. बऱ्याच वेळानं सासूनं वाटीनं पाण्याचा एक घोट दिला. मुलीचा गळा हलला.

"गिळलं!" सासू ओरडली. "अवं, या हिकडं, पोरीनं पानी गिळलं!"

मी हसत मागं वळलो. डॉक्टर माझ्या पाठीशी कमरेत पार वाकलेले होते. त्यांचा चेहरा माझ्या खांद्याशी होता आणि पांढराफटक पडला होता. डावा हात गुडघ्यावर रोवलेला, उजवा अजून माझ्या पाठीवर.

"डॉक्टर, उठा."

"उठतोय," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

घरामागून धावत आलेल्या सासऱ्यानं आणि मी त्यांना धरून उभं केलं. त्यांचा उजवा हात माझ्या पाठीवरून सुटला आणि ओल्या धोतरासारखा खाली लोंबला. त्यांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि डाव्या हातानं तो उचलून कोटाच्या खिशात घातला.

मुलगी चार दिवसांत बरी झाली. डॉक्टरांचा हात मात्र परत आला नाही. पुढं बरीच वर्षं पेठेतल्या त्या दवाखान्यात मी उभा राहून काम करायचो आणि ते स्टुलावर बसून माझ्यावर ओरडायचे. पण विंझरहून निघालो त्या दुपारी हे काही मला ठाऊक नव्हतं. गाडीत पेंढ्यावर त्यांना निजवलं होतं. बैल सावकाश चालले होते.

"दाढ आणलीस?" त्यांनी विचारलं.

मी दिली. डाव्या हातानं ती उन्हात धरून त्यांनी फिरवून फिरवून बघितली. "दोन्ही मुळं शाबूत," ते म्हणाले, आणि त्यांना इतकं खूश झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी गाडीवानासमोर हमसून हमसून रडायला लागलो.

"कशाला वाकलात डॉक्टर? तुम्हाला ठाऊक होतं ना? मग कशाला वाकलात?"

"अरे, तू खाली बसला होतास," ते म्हणाले. "तुझ्या पाठीला हात उभ्यानं पोचत नव्हता."